शाफ्ट अधांतरी, पण ताबा पक्का

चुंबकी बेअरिंगच्या मोटरमध्ये शाफ्ट जागेवर कसा राहतो आणि आपल्या कारागिरांनी त्यातून काय घ्यावे

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात येणाऱ्या मोटरींची तक्रार बहुधा दोहोंपैकी एक असते. एक तर वाइंडिंग जळालेले असते, नाहीतर बेअरिंग गेलेले असते. पुष्कळ वेळा दुसऱ्यामुळेच पहिले घडते. बेअरिंग झिजते, रोटर खाली बसतो, स्टेटरच्या स्टँपिंगला घासू लागतो, मोटर तापते आणि वार्निश जळून कॉइल शॉर्ट होतात. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावरील मोटर असो, पिठाच्या गिरणीची असो की पाण्याच्या पंपाची, ही कहाणी सारखीच आहे. म्हणूनच ६२०४, ६२०५ हे बेअरिंगचे नंबर आपल्या कारागिरांना तोंडपाठ असतात.

अशा कारागिराला कोणी सांगितले की जगात अशाही मोटरी आहेत ज्यांचा शाफ्ट चालताना कशालाही टेकत नाही, ज्यांना ग्रीस लागत नाही आणि ज्यांच्या बेअरिंगची झीज होत नाही, तर त्याला ती थाप वाटेल. पण अशा मोटरी गेली कित्येक वर्षे कामावर आहेत. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांत आहेत, नैसर्गिक वायू ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये आहेत, संगणकाच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यांतील निर्वात पंपांत आहेत आणि हृदयरोग्याच्या छातीत बसविलेल्या पंपातही आहेत.

या यंत्राविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. लोकांना वाटते की जोरदार लोहचुंबक लावले की शाफ्ट आपोआप तरंगतो. तसे नाही. चुंबकाला मोकळे सोडले तर तो शाफ्टला आपल्याकडे ओढून आपटतो. शाफ्ट जागेवर राहतो तो सततच्या मोजमापामुळे आणि त्या मोजमापाबरहुकूम क्षणोक्षणी करंट बदलल्यामुळे. ही गोष्ट नीट ध्यानात आली म्हणजे या नव्या यंत्रात आपल्या हुनरला कोठे जागा आहे, हेही कळते.

चुंबकाची ओढ शाफ्टला घातक

जुन्या उस्तादांना अनुभवाने ठाऊक असते की रोटर स्टेटरच्या बरोबर मधोमध नसेल, तर मोटर चालू करताच तो कमी फटीच्या बाजूला आणखी ओढला जातो. एंड कव्हरमधील बेअरिंगची बैठक ढिली असेल तर मोटर घरघरते आणि रोटर घासतो, त्यामागे हेही कारण आहे. फट कमी झाली की ओढ वाढते, ओढ वाढली की फट आणखी कमी होते.

याचा हिशोब सोपा आहे. विद्युतचुंबकाची लोखंडावरील ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि फटीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. समजा, शाफ्टच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सारखे विद्युतचुंबक बसविले. दोन्ही बाजूंची फट अर्धा मिलिमीटर आणि दोन्ही कॉइलमध्ये २ अँपिअर करंट. शाफ्ट अगदी मध्यावर आहे तोवर दोन्हीकडील ओढ सारखी. आता काही कारणाने शाफ्ट उजवीकडे ०.१ मिलिमीटर सरकला. उजवीकडील फट ०.४ झाली आणि डावीकडील ०.६. एवढ्या सरकण्याने उजवीकडील ओढ डावीकडच्या सव्वादोन पट होते. म्हणजे शाफ्ट उजवीकडे जाऊन आदळणार.

केवळ स्थिर चुंबकांच्या बळावर कोणतीही वस्तू सर्व दिशांनी अधांतरी धरून ठेवता येत नाही, या निष्कर्षाचे गणित सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ साली प्रसिद्ध केले. ते आजही खरे आहे. अतिशीत केलेले अतिवाहक आणि चुंबकाला दूर लोटणारे काही पदार्थ एवढेच त्याला अपवाद. पण मोटरच्या पोलादी शाफ्टला त्या अपवादांचा फायदा नाही.

मोजायचे आणि सावरायचे

मग मार्ग काय? वरच्याच उदाहरणात शाफ्ट उजवीकडे सरकल्याचे कळताच उजव्या कॉइलचा करंट २ वरून १.६ केला आणि डावीचा २.४ केला, तर दोन्हीकडील ओढ पुन्हा सारखी होते. आणखी थोडे पुढे जाऊन उजवीकडे १.५ आणि डावीकडे २.५ केला, तर डावीकडील ओढ जास्त भरते आणि शाफ्ट मध्याकडे परत येऊ लागतो. चुंबकी बेअरिंगचे सारे तंत्र एवढ्यावर उभे आहे. फरक इतकाच की हे काम सेकंदाला सुमारे दहा हजार वेळा करावे लागते.

त्यासाठी चार भाग लागतात. पहिला, शाफ्टची जागा न टेकता मोजणारा सेन्सर. दुसरा, त्या मापावरून किती करंट हवा ते ठरविणारा कंट्रोलर. तिसरा, तो करंट तात्काळ कॉइलमध्ये ढकलणारा अ‍ॅम्प्लिफायर. चौथा, प्रत्यक्ष ओढणारा विद्युतचुंबक. हा चुंबक दिसायला मोटरच्या स्टेटरसारखाच असतो. त्याला स्टँपिंग असते, दात असतात आणि दातांवर तांब्याच्या तारेच्या कॉइल असतात. शाफ्टवरही त्या जागी पातळ सिलिकॉन स्टीलच्या चकत्यांची बाही चढवितात, कारण सलग पोलादात फिरताना भोवरी प्रवाह तयार होऊन ओढ मंदावते.

मोटरच्या दोन टोकांना असे एकेक बेअरिंग असते. प्रत्येक बेअरिंग दोन दिशा सांभाळते, म्हणजे दोन टोकांच्या मिळून चार झाल्या. पाचवी दिशा शाफ्टच्या लांबीची, पुढेमागे सरकण्याची. तिच्यासाठी शाफ्टवर एक जाड तबकडी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना चुंबक असतात. सहावी हालचाल म्हणजे स्वतःभोवती फिरणे, ते मोटरचे काम. अशा रीतीने पाच दिशांवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते.

स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर

कंट्रोलर नेमके काय ठरवतो, हे स्कूटरच्या उदाहरणाने सांगता येईल. शाफ्ट जितका सरकला तितका करंट बदलायचा, एवढाच नियम ठेवला तर कंट्रोलर स्प्रिंगसारखा वागतो. शाफ्ट मध्याकडे येतो खरा, पण वेगात पलीकडे जातो, पुन्हा परततो आणि डोलतच राहतो. हवेत घर्षण नसल्यासारखेच, त्यामुळे हे डोलणे आपोआप थांबत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे तेल गळालेली स्कूटर खड्ड्यानंतर जशी उड्या मारत राहते, तसाच हा प्रकार.

म्हणून दुसरा नियम जोडावा लागतो. शाफ्ट किती सरकला यासोबत तो किती वेगाने सरकतो आहे, हेही पाहायचे आणि त्या वेगाच्या उलट ओढ लावायची. हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम झाले.

तिसरा नियम वजनासाठी. आडव्या मोटरमध्ये रोटरचे वजन कायम खाली ओढते आणि स्प्रिंग थोडी दबलेलीच राहते. हा बारीक फरक साठवत जाऊन कंट्रोलर वरच्या चुंबकाचा करंट हळूहळू वाढवतो आणि शाफ्टला नेमके मध्यावर आणतो. चुंबक किती वजन पेलतो, याचाही अंदाज असावा. चुंबकक्षेत्र १ टेस्ला असेल तर ध्रुवाच्या एका चौरस सेंटिमीटरमागे साधारण ४ किलो ओढ मिळते. मात्र लोखंड चुंबकाने भरून गेले की करंट वाढवूनही ओढ फारशी वाढत नाही.

वेगाने फिरणाऱ्या शाफ्टला आणखी एक खोड असते. त्याचा घडीव मध्य आणि वजनाचा मध्य तंतोतंत एक नसतो. बॉल बेअरिंग त्याला घडीव मध्याभोवती फिरायला भाग पाडते, म्हणून मशीन हादरते. चुंबकी बेअरिंगचा कंट्रोलर ठराविक वेगानंतर हा एक फेऱ्याचा झोल मुद्दाम दुर्लक्षित करतो आणि शाफ्टला वजनाच्या मध्याभोवती फिरू देतो. त्यामुळे हादरा मशीनच्या अंगापर्यंत कमी पोहोचतो.

वेळेचा हिशोब

बेअरिंगची ओढ अचानक नाहीशी झाली, तर पाव मिलिमीटर खाली पडायला शाफ्टला सुमारे सात सहस्रांश सेकंद लागतात. मोटर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर तेवढ्यात तिचे साडेतीन फेरे होतात. सेकंदाला दहा हजार वेळा मोजणारा कंट्रोलर तेवढ्या वेळात सत्तर मापे घेतो. सावरायला वेळ आहे, पण चैन नाही. सेन्सर, कंट्रोलर आणि कॉइल मिळून जी दिरंगाई होते ती वाढली, तर सावरण्याची ओढ चुकीच्या क्षणी पोहोचते आणि शाफ्ट शांत होण्याऐवजी अधिकच थरथरतो.

किती थरथर चालेल, यासाठी आय.एस.ओ. १४८३९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नव्या यंत्रात शाफ्टची मध्यापासूनची हालचाल सर्वात कमी फटीच्या तीन दशांशांच्या आत असावी, अशी त्याची धारणा आहे. फट पाव मिलिमीटर असेल तर ही मर्यादा ७५ मायक्रॉन, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढी येते.

रिवाइंडिंग करणाऱ्यांनी हे वाचावे

साध्या मोटरला एखादा टर्न कमीजास्त पडला, गेज थोडे बदलले, तरी मोटर चालते. फार तर जरा तापते. चुंबकी बेअरिंगमध्ये ही सवलत नाही. टर्न वाढविले की त्याच करंटला ओढ जास्त मिळते, हे खरे. पण कॉइलचा इंडक्टन्स टर्नच्या वर्गाने वाढतो. टर्न १० टक्के वाढले तर इंडक्टन्स २१ टक्के वाढतो आणि करंट चढायला-उतरायला तेवढा अधिक वेळ लागतो. कंट्रोलरचे सारे आकडे मूळ टर्नवर बसविलेले असल्यामुळे हिशोब बिघडतो. कॉइल नवी, तार उत्तम, वार्निश पक्के, तरीही शाफ्ट थरथरतो आणि मशीन बंद पडते. अशी कॉइल भरायची वेळ आलीच तर टर्न मोजून, गेज तपासून, जोडणीची दिशा लिहून ठेवून आणि शेवटी प्रत्येक कॉइलचा इंडक्टन्स मीटरवर ताडून काम करावे.

दुसरी खबरदारी सेन्सरची. सेन्सर ज्या पट्टीकडे पाहतो ती शाफ्टवरील जागा आरशासारखी एकसारखी हवी. तेथे कानस लागली, पुलरचा ओरखडा पडला किंवा एमरी पेपरने चपटेपणा आला, तर सेन्सरला शाफ्ट जागेवर असूनही सरकल्यासारखा दिसतो. मग कंट्रोलर नसलेली चूक दुरुस्त करू लागतो. बॉल बेअरिंग काढताना हातोडीचा एखादा घाव खपून जातो, येथे तो महागात पडेल.

तिसरी खबरदारी जिवाची. अशा मोटरी ड्राइव्हवर चालतात. ४१५ व्होल्ट सप्लायवरील ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये साडेपाचशेहून अधिक डी.सी. व्होल्ट साठलेले असतात. मेन स्विच बंद केल्यावरही मीटरने खात्री केल्याशिवाय हात घालू नये.

वीज गेली तर

आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो आणि तो योग्यही आहे. वीज गेली की चुंबक गेला, मग शाफ्टचे काय? त्यासाठी चुंबकी बेअरिंगच्या जोडीला आधाराची साधी बॉल बेअरिंग ठेवलेली असतात. एरवी शाफ्ट त्यांना लागत नाही. त्यांची फट चुंबकाच्या फटीच्या साधारण निम्मी ठेवतात, म्हणजे शाफ्ट पडला तरी आधी त्यांच्यावर पडतो आणि चुंबकाचे दात वाचतात. पण वेगात फिरणारा शाफ्ट पडण्याचे असे प्रसंग ही बेअरिंग मोजकेच सोसू शकतात, त्यानंतर ती बदलावीच लागतात. म्हणून अशा यंत्रांना बॅटरीचा आधार असतो, किंवा वीज जाताच फिरती मोटरच जनित्र बनते आणि थांबेपर्यंत बेअरिंगला स्वतःच वीज पुरवते.

प्रयोगशाळेतून बाजारापर्यंत

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात होम्स आणि जेसी बीम्स यांनी १९३० च्या दशकात करंटवर ताबा ठेवून पोलादी वस्तू अधांतरी फिरविल्या. बीम्स यांनी पुढे १९४० च्या दशकात निर्वात जागेत सूक्ष्म पोलादी गोळी सेकंदाला तीन लाखांहून अधिक फेऱ्यांनी फिरवून दाखविली. कारखान्यात हे तंत्र यायला मात्र स्वस्त आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक्सची वाट पाहावी लागली. १९७६ साली फ्रान्समध्ये एस.टू.एम. ही खास चुंबकी बेअरिंगची कंपनी निघाली. १९८० च्या दशकात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील वायुवाहिन्यांच्या कॉम्प्रेसरवर अशी बेअरिंग बसली. बेअरिंगच्या व्यापाऱ्यांसाठी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की २००७ साली एस.टू.एम. कंपनी एस.के.एफ.ने विकत घेतली. ज्या नावाची बॉल बेअरिंग आपण रोज विकतो आणि ज्याचा आपल्या चिंचवडलाही कारखाना आहे, तेच हे नाव.

वातानुकूलनाच्या धंद्यात टर्बोकोर हे नाव प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियात सुरू झालेला हा प्रयत्न कॅनडामार्गे अमेरिकेतील फ्लॉरिडाला पोहोचला आणि आज तो डॅनफॉस कंपनीच्या नावाने चालतो. त्याच्या लहान कॉम्प्रेसरचा शाफ्ट मिनिटाला चाळीस हजार फेऱ्यांच्या आसपासपर्यंत जातो. येथील मोठा फायदा झीज वाचण्याइतकाच तेल टळण्याचा आहे. साध्या कॉम्प्रेसरमधील तेल वायूबरोबर वाहत जाऊन थंड नळ्यांच्या आत पातळ थर धरते आणि थंडावा कमी देते. तेलच नसेल तर ती कटकट नाही, तेलाचा पंप आणि फिल्टरही नाही.

हृदयाच्या पंपात याच तंत्राने माणसाच्या जिवाचे रक्षण होते. रक्तात बुडालेल्या बेअरिंगमध्ये रक्तपेशी चिरडतात आणि गुठळ्या होण्याचा धोका असतो. अ‍ॅबट कंपनीच्या हार्टमेट ३ या पंपाला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. त्याचा रोटर रक्तात अधांतरी फिरतो. एकच स्टेटर त्याला फिरवतो आणि आडव्या दिशांना जागेवरही धरतो. वर-खाली सरकणे आणि कलणे या हालचालींना कायमच्या चुंबकाची ओढच आवरते. सर्व दिशा चुंबकाच्या भरवशावर सोडता येत नाहीत, हा अर्नशॉचा नियम येथेही पाळावा लागला आहे.

धंद्याच्या नजरेने

आता रोकडा प्रश्न. यंत्रमागाच्या एक हॉर्सपॉवरच्या मोटरला चुंबकी बेअरिंग लावावे काय? मुळीच नाही. तेथे चांगल्या कंपनीचे बॉल बेअरिंग, योग्य ग्रीस आणि कपाशीच्या धुळीपासून बचाव हाच किफायतशीर उपाय आहे. चुंबकी बेअरिंग परवडते ते जेथे वेग फार मोठा आहे, जेथे तेल चालत नाही किंवा जेथे मशीन बंद पडणे फार महाग पडते. कोणी लहान मोटरसाठी "चुंबकी, आयुष्यभर ग्रीस नको" असे सांगून माल गळ्यात मारू लागला, तर सेन्सर कुठे आहे आणि कंट्रोलर कुठे आहे, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. ते नसतील तर मालाचे नाव काहीही असो, वजन कोणत्या तरी साध्या बेअरिंगवरच आहे.

भंगार आणि जुन्या मशिनरीचा व्यापार करणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. निर्वात पंप किंवा चिलरचा कॉम्प्रेसर आला तर पंप एकीकडे, कंट्रोलर दुसरीकडे आणि केबल तांब्याच्या भावात तिसरीकडे, अशी वाटणी करू नये. बहुतेक जुन्या यंत्रांत हे तिन्ही भाग एकमेकांशी जुळविलेले असतात. जोडी फुटली की चालू माल भंगार होतो. पूर्ण संच एकत्र ठेवला तर गिऱ्हाईक मिळते आणि भावही मिळतो.

शागीर्दांसाठी

या विद्येत आपल्या हाताला आधीच येणारे काम पुष्कळ आहे. कॉइल भरणे, स्टँपिंग हाताळणे, फट मोजणे, शाफ्टचा बॅलन्स पाहणे हे सारे जुनेच हुनर. कमी पडते ते सेन्सरचे आणि कंट्रोलचे ज्ञान. आय.टी.आय.ला इलेक्ट्रिशियन आणि वायरमनबरोबर इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचाही ट्रेड असतो. ज्या घरात दोन मुले दुकानात येणार आहेत, त्यांनी एकाला वाइंडिंगच्या बाजूला आणि दुसऱ्याला या बाजूला घालण्याचा विचार करावा.

घरीच शिकायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. लोखंडी गाभ्यावर कॉइल भरून ती उलटी टांगावी, खाली लहान पोलादी गोळी धरावी आणि एका बाजूने दिवा व दुसऱ्या बाजूने प्रकाशाचा सेन्सर लावून गोळीची उंची मोजावी. गोळी वर गेली की करंट कमी आणि खाली आली की जास्त, असे सर्किट बांधावे. लागणारे भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही बाजारात मिळतात. प्रथम केवळ अंतरावरून करंट बदलून पाहावा. गोळी थरथरेल आणि पडेल किंवा चिकटेल. मग सर्किटमध्ये वेगाचा हिशोब घालावा. ज्या क्षणी गोळी हवेत स्थिर राहील, त्या क्षणी शागीर्दाला या तंत्राचे मर्म समजलेले असेल. पुढचे काम तेच पाच दिशांना करण्याचे आहे.